‘टू-लेन ब्लॅकटॉप’ची पार्श्वभूमी : दोन गाड्या आणि एक फसलेले प्रदर्शन

१९७१ च्या जुलैमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ हा १०२ मिनिटांचा चित्रपट आज रोड मूव्हींच्या कोणत्याही गंभीर चर्चेत पहिल्या काही नावांत घेतला जातो. त्यामुळे तो सुरुवातीपासूनच मान्यता पावलेला असावा, असा समज होतो. वास्तविक तो पहिल्या प्रदर्शनात पडला, नंतर अठ्ठावीस वर्षे घरी पाहण्यासाठी अधिकृतरीत्या विकतच मिळत नव्हता, आणि ज्या गाडीमुळे तो मोटारवेड्यांच्या लक्षात राहिला ती गाडी बहुसंख्य प्रेक्षकांनी दुसऱ्याच एका चित्रपटात आणि दुसऱ्याच रंगात पाहिली. हे असे का झाले, ते कळण्यासाठी कॅलिफोर्नियातील पैजेच्या शर्यती, १९६९ नंतर हॉलिवूडमध्ये उडालेली धांदल आणि खुद्द प्रदर्शनाच्या वेळचा निर्णय, या तिन्हींकडे पाहावे लागते. त्यांपैकी तिसऱ्याविषयी अजूनही मतभेद आहेत.

ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे थोड्या, सरळ अंतरावर दोन गाड्यांनी लावायच्या शर्यतीचा, उगम कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांपासून सांगण्याचा प्रघात आहे. म्युरॉक आणि एल मिराज इथली तळी उन्हाळ्यात वाळून फरशीसारखी सपाट होत आणि १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसची तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड उतरवून तिथे वेग आजमावत. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांची एक संघटना झाली. पुढे म्युरॉकचे तळे लष्कराकडे गेले आणि महायुद्धानंतर हा छंद शहराच्या रस्त्यांवर उतरला. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती भरू लागल्या, १९५१ मध्ये या शर्यतींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड इथे, पुन्हा एका विमानतळावरच, पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, हे एव्हाना रूढ झाले होते. १९६३ मध्ये निशाण दाखवणाऱ्या माणसाच्या जागी दिव्यांचा खांब आला.

या इतिहासाचे संघटनेने सांगितलेले रूप असे की, रस्त्यावरच्या बेदरकार पोरांना सुरक्षित पट्टीवर, म्हणजे शर्यतीसाठीच्या बंदिस्त सरळ मार्गावर, आणून खेळाला शिस्त लावली. त्यात तथ्य आहे, पण अधिकृत पट्टीवर प्रामुख्याने चषक मिळत होता आणि पोट भरायचे असेल तर रोख रकमेची पैज लागे. त्यामुळे दोन गाड्या, दोन चालक, आधी ठरलेली रक्कम आणि साक्षीला जमलेली गर्दी, ही जुनी रीत पट्टीवरही टिकली आणि रस्त्यावरही. गावोगाव फिरून स्थानिक बढाईखोराला हेरायचे, त्याला हसत हसत डिवचायचे, आपली गाडी मुद्दाम गबाळी ठेवायची आणि शंभर-दोनशे डॉलर खिशात घालून पुढच्या गावी निघायचे, असा हा धंदा होता. चित्रपटातील चालक आणि मेकॅनिक नेमके हेच करतात. दोघांनाही नाव नाही. पटकथेत ते ‘ड्रायव्हर’ आणि ‘मेकॅनिक’ एवढेच आहेत, वाटेत त्यांच्या गाडीत येऊन बसणारी मुलगी ‘गर्ल’ आहे आणि प्रतिस्पर्धी तर त्याच्या गाडीच्याच नावाने, ‘जीटीओ’ म्हणून, ओळखला जातो.

१९७० पर्यंत हा धंदा ओसरू लागला होता, ही गोष्ट चित्रपटावरच्या लेखनात फारशी येत नाही. कारखान्यांचा पैसा शर्यतीत उतरला होता, प्रायोजकांची नावे रंगवलेल्या गाड्या ट्रकवरून स्पर्धेला येत होत्या आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघटनेने कारखानी बनावटीच्या गाड्यांसाठी ‘प्रो स्टॉक’ हा नवा व्यावसायिक वर्ग सुरू केला. पंधरा वर्षांची जुनी गाडी स्वतः चालवत, त्याच गाडीत राहत देशभर पैजा लावणारी जोडी ही तेव्हाच कालबाह्य होत चाललेली गोष्ट होती. चित्रपटात ते कुठेही बोलून दाखवलेले नाही. मात्र त्या गाडीकडे नीट पाहिले की ते कळते.

ती गाडी १९५५ ची शेवरोले ‘वन-फिफ्टी’, म्हणजे त्या वर्षीच्या श्रेणीतील सर्वांत स्वस्त, क्रोमचा फारसा सोस नसलेली दोन दारांची सेडान होती. १९५५ हे वर्ष महत्त्वाचे, कारण शेवरोलेचे २६५ घनइंचाचे छोटे व्ही-८ इंजिन त्याच वर्षी आले आणि तोवर फोर्डवर पोसलेल्या हॉट रॉडच्या, म्हणजे फेरफार करून वेगवान केलेल्या जुन्या गाड्यांच्या, दुनियेत शेवरोलेला मान मिळाला. चित्रपटासाठी लॉस एंजेलिस परिसरातील एका शर्यत-गॅरेजमध्ये अशा तीन गाड्या तयार करण्यात आल्या. मुख्य गाडीत मूळ इंजिनाच्या जागी ४५४ घनइंचाचे, म्हणजे जवळपास ७.४ लिटरचे, ‘बिग-ब्लॉक’ इंजिन होते. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या जागी एकसलग ॲक्सल बसवलेला असल्यामुळे गाडीचे नाक वर उचललेले दिसते. सुटताना भार मागच्या चाकांवर जावा, हा त्यामागचा हेतू. पुढचा भाग फायबरग्लासचा, खिडक्यांना काचेऐवजी सरकणारे प्लास्टिक, बॉनेटवर हवा ओढणारी चौकोनी पेटी आणि सगळ्यावर राखाडी प्रायमर. रंगाचा शेवटचा हात दिलेलाच नाही. या घडणीच्या गाड्यांना तिथे ‘गॅसर’ म्हणत, आणि त्यांचा बहर साठीच्या दशकाबरोबरच संपत आला होता.

पैसे आणि वजन या दोनच गोष्टींचा हिशेब त्या गाडीत आहे. चित्रीकरणासाठी मुद्दाम बांधलेली असूनही ती चित्रीकरणाची गाडी वाटत नाही, याचे कारण ती बांधणारी माणसे शर्यतीच्या धंद्यातली होती. ज्या प्रसंगांत मेकॅनिक कार्बुरेटरशी खटपट करतो किंवा पुढच्या पैजेआधी झडपा तपासतो, ते प्रसंग दिग्दर्शकाने घाई न करता पूर्ण दाखवले आहेत. संवाद नसले तरी जाणकाराला तिथे बरेच काही ऐकू येते.

दुसरी गाडी १९७० ची पाँटियाक जीटीओ, नारिंगी झाक असलेली आणि शोरूममधून थेट आणलेली. जीटीओ हे मॉडेल १९६४ मध्ये एका पळवाटेतून जन्मले होते. मध्यम आकाराच्या गाडीत ठरावीक मर्यादेपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असा मूळ कंपनीचा नियम होता. पाँटियाकच्या अभियंत्यांनी ३८९ घनइंचाचे इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता ‘ऐच्छिक साहित्य’ म्हणून देऊ केले, आणि ज्याला पुढे ‘मसल कार’ म्हणू लागले त्या वर्गाची सुरुवात झाली. घरी बसून हाताने घडवलेला वेग आणि हप्त्यावर विकत घेतलेला वेग, अशी ही गाठ आहे. खरे तर दोन्ही बाजूंचे दिवस भरत आले होते. १९७० च्या अखेरीस स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला, १९७१ च्या मॉडेलांसाठी पाँटियाकच्या मूळ कंपनीने इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो, आणि त्याबरोबर त्यांची ताकद, खाली आणली, विम्याचे हप्ते तरुणांना परवडेनासे झाले, १९७३ मध्ये तेलसंकट आले आणि १९७४ पासून देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा लागू झाली. चित्रीकरण १९७० च्या उत्तरार्धात झाले, म्हणजे मसल कारच्या ऐन शिखराच्या वर्षी.

रस्त्याविषयी थोडे सांगितले तरी पुरे. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले होते आणि १९२६ पासून शिकागो ते लॉस एंजेलिस जाणारा ‘रूट ६६’ तुकड्यातुकड्याने निकामी होत होता. १९८५ मध्ये तो अधिकृत यादीतूनच वगळला गेला. चित्रपटाच्या नावातला दुपदरी डांबरी रस्ता १९७० मध्येच मागे पडू लागलेला रस्ता होता. नवा महामार्ग गावांना वळसा घालून जातो, आणि गाव लागलेच नाही तर पैज लावायला माणूस कुठून मिळणार?

आता हॉलिवूडकडे वळू. १९६९ मध्ये दोन मोटारसायकलस्वारांवरचा एक अतिशय स्वस्तात बनलेला चित्रपट आला आणि त्याने खर्चाच्या कित्येक पट कमाई केली. महागड्या संगीतिकांवर हात पोळून घेतलेल्या स्टुडिओंना त्यातून एकच धडा दिसला : लांब केसांच्या दिग्दर्शकाला दहा लाख डॉलरच्या आत पैसे द्यावेत, त्याच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि तरुण प्रेक्षक येतील याची वाट पाहावी. एका जुन्या बड्या स्टुडिओने तर यासाठी स्वतंत्र विभागच काढला. ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ याच विभागातून आला. त्याआधी तो एका दूरचित्रवाणी कंपनीच्या चित्रपट शाखेकडे होता. तिने अंग काढून घेतले आणि इतर काही ठिकाणी नकार मिळाल्यावर या विभागाने सुमारे साडेआठ लाख डॉलर मंजूर केले.

मूळ पटकथा एका अभिनेत्याने लिहिलेली होती आणि तिच्यात देश ओलांडणाऱ्या शर्यतीची कल्पना होती. दिग्दर्शकाला कल्पना पटली, लेखन पटले नाही. त्याने एका तरुण प्रायोगिक कादंबरीकाराला बोलावले. या कादंबरीकाराला मोटारींतले काही कळत नव्हते. त्याने लॉस एंजेलिसच्या एका मोटेलात मुक्काम ठोकून मोटारींच्या मासिकांचा फडशा पाडला, सान फर्नांडो खोऱ्यातील गॅरेजांत वेळ घालवला आणि जवळजवळ सगळेच नव्याने लिहिले. पैज अशी : दोन्ही बाजूंनी आपापल्या गाडीची मालकीची कागदपत्रे टपालाने राजधानी वॉशिंग्टनला पाठवायची आणि जो आधी पोहोचेल त्याने दोन्ही घ्यायची. कॅलिफोर्नियात ही कागदपत्रे गुलाबी कागदावर असत, म्हणून अशा पैजेला ‘पिंक स्लिप’ची पैज म्हणत. चित्रपट जसजसा पुढे जातो तसतशी ही पैज सगळ्यांच्याच हातून निसटत जाते, आणि कागदपत्रांचे काय झाले ते प्रेक्षकाला कधीच कळत नाही.

दिग्दर्शक नवखा नव्हता. १९६५ मध्ये त्याने युटाच्या वाळवंटात पाठोपाठ दोन अल्पखर्ची वेस्टर्न चित्रपट केले होते आणि त्यांचे चाहते अमेरिकेपेक्षा फ्रान्समध्ये अधिक होते. चालकाच्या भूमिकेसाठी त्याने तेव्हा नुकताच गाजू लागलेला एक गायक-गीतकार निवडला. त्याचा चेहरा लॉस एंजेलिसमधील एका जाहिरात फलकावर पाहून ही निवड सुचली, असे तो सांगत असे. मेकॅनिक झाला कॅलिफोर्नियातील एका लोकप्रिय बँडचा ढोलवादक, ज्याला गाड्यांचे खरोखरच वेड होते. मुलीच्या भूमिकेत पूर्वी कधीही अभिनय न केलेली तरुणी होती. मुरलेला नट एकच, जीटीओवाला, आणि चित्रपटातील बहुतेक सगळी बडबड त्याच्याच वाट्याला आली आहे. तो भेटेल त्या प्रवाशाला स्वतःविषयी वेगळीच कथा सांगतो. दोन्ही संगीतकार चित्रपटात गात किंवा वाजवत नाहीत. वेगळे पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. इंजिनांचे आवाज आणि रेडिओवर किंवा टेपवर लागलेली गाणी, एवढ्यावर चित्रपट चालतो.

ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिसहून निघालेला ताफा कथेच्या क्रमानेच चित्रीकरण करत पूर्वेकडे सरकला. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरचे नीडल्स, ॲरिझोनातले फ्लॅगस्टाफ, न्यू मेक्सिकोतले सांता फे आणि तुकमकारी, पुढे ओक्लाहोमा, आर्कान्सा, मेंफिस आणि टेनेसीचा पूर्व भाग, असा हा मार्ग होता. दिग्दर्शकाने कलावंतांना पूर्ण पटकथा दिली नाही. त्या त्या दिवसाची पाने त्या त्या दिवशी मिळत. गायकाला याचा भयंकर राग येई, आणि पडद्यावरचा त्याचा आखडलेला, बंद चेहरा किती अभिनयाचा आणि किती वैतागाचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. छायाचित्रणाचीही एक गंमत होती. प्रत्यक्ष काम करणारा छायाचित्रकार कामगार संघटनेच्या नियमांत बसत नसल्याने दुसऱ्या एका सभासद छायाचित्रकाराला सोबत घ्यावे लागले. श्रेयनामावलीत मुख्य नाव त्याचे आहे.

संकलनातली पहिली जोडणी साडेतीन तासांची झाली. करारानुसार अंतिम जोडणीचा अधिकार दिग्दर्शकाचा होता, परंतु लांबी दोन तासांच्या आत असायला हवी होती. म्हणून जवळपास निम्मा चित्रपट कापला गेला.

या पुढचा भाग वादाचा आहे. एप्रिल १९७१ मध्ये, म्हणजे चित्रपट कोणी पाहिलेला नसताना, न्यूयॉर्कच्या एका प्रतिष्ठित पुरुषांच्या मासिकाने त्याची संपूर्ण पटकथा छापली आणि मुखपृष्ठावर त्याला त्या वर्षाच्या सर्वोत्तम चित्रपटासाठीचे आपले नामांकन जाहीर केले. अमेरिकन नियतकालिकांच्या इतिहासात न पाहिलेल्या चित्रपटावर इतका मोठा डाव क्वचितच कोणी लावला असेल. जुलैच्या सुरुवातीला, स्वातंत्र्यदिनाच्या सुटीच्या आसपास, चित्रपट न्यूयॉर्कमध्ये लागला आणि लवकरच उतरला. वर्ष संपता संपता त्याच मासिकाने आपल्या वार्षिक फजितीच्या यादीत स्वतःचे हे मुखपृष्ठ घातले.

अपयशाचे खापर कोणावर फोडायचे, यावर तेव्हापासून वेगवेगळी मते आहेत. दिग्दर्शकाच्या बाजूने सांगितली जाणारी हकीकत अशी की, स्टुडिओच्या सर्वोच्च प्रमुखाने चित्रपट पाहिला, त्याला तो मुळीच आवडला नाही आणि त्याने प्रसिद्धीवर खर्च करायला नकार दिला. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाची वृत्तपत्रांत जाहिरातसुद्धा नव्हती. ही हकीकत मुख्यतः दिग्दर्शकाच्या नंतरच्या मुलाखतींतून प्रचलित झाली, हे लक्षात ठेवायला हवे, पण ती अविश्वसनीय नाही. तरुणांसाठीचा तो विभाग स्टुडिओतल्या जुन्या मंडळींच्या डोळ्यांत खुपत होता आणि त्याने काढलेले चित्रपट त्या वर्षी एकामागून एक पडत होते. आधीच्या अपयशांचा राग पुढच्यावर निघणे हे कुठल्याही कचेरीत घडते.

दुसरे मत मासिकाला दोष देते. वर्षाचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून डांगोरा पिटल्यावर प्रेक्षक मारामारी, पाठलाग, मृत्यू अशा कशाची तरी अपेक्षा घेऊन आले आणि त्यांना मिळाले गॅरेज, पेट्रोल पंप आणि शांतता. या मताला एक पुरवणी जोडायला हवी, जी सहसा जोडली जात नाही. मासिकाने छापलेली पटकथा ही साडेतीन तासांच्या जोडणीला आधारभूत असलेली पटकथा होती आणि पडद्यावर आला तो तिच्यातून उरलेला जेमतेम अर्धा भाग. ज्या वाचकाने एप्रिलमध्ये ती वाचली, त्याने जुलैमध्ये जे पाहिले ते त्याच्या डोक्यातल्या चित्रपटाहून वेगळे असणारच. म्हणजे मासिकाची चूक केवळ अतिस्तुतीची नव्हती. त्याने एका कृतीची शिफारस केली आणि स्टुडिओने दुसरीच प्रदर्शित केली.

तिसरे मत सरळ आहे आणि ते चित्रपटाच्या चाहत्यांना आवडत नाही : चित्रपटच तसा होता. शर्यत लावून ती पूर्ण करायची नाही, दोन लोकप्रिय गायक घेऊन त्यांना गाऊ द्यायचे नाही आणि शेवटही नाकारायचा, तर तिकीटबारीवर गर्दी कशी होणार? त्याच वर्षी काही महिने आधी दुसऱ्या एका स्टुडिओचा एकट्या चालकाचा रस्तापट आला होता. त्यात मंदगती कमी, पाठलाग भरपूर आणि शेवटी स्फोट होता. तो तगला.

समीक्षकांना मात्र या वादात खलनायक ठरवता येत नाही. चित्रपटाला त्या काळी सगळ्यांनी झोडपले, अशी एक समजूत नंतरच्या लेखांतून पसरली आहे. मोठ्या दैनिकांतून आणि साप्ताहिकांतून त्याच्याविषयी बरेच बरे लिहिले गेले होते, काहींनी तर मनापासून कौतुक केले होते. अनाकलनीय प्रतिभा आणि तिला न ओळखणारा जमाना, ही कथा सांगायला सोपी असते, म्हणून ती टिकते.

आमच्या मते या तिन्ही मतांत प्रदर्शनाच्या जागेचा मुद्दा मागे पडतो. हा चित्रपट ज्यांच्या जगाविषयी होता ती माणसे टेनेसी, आर्कान्सा, ओक्लाहोमा आणि कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यांत राहत होती, आठवड्याच्या शेवटी ड्रॅग पट्टीवर जात होती आणि चित्रपट ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या चित्रपटगृहात, आपापल्या गाडीत बसून पाहत होती. स्टुडिओने त्याला पहिल्यांदा उभे केले ते न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे देशातल्या ज्या शहरात गाडीवाचून कोणाचे अडत नाही त्या शहरात, आणि तेही कलात्मक चित्रपट म्हणून. मासिकानेही त्याच शहरातल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवले होते. मेंफिसजवळच्या ज्या पट्टीवर चित्रीकरण झाले, त्या पट्टीच्या फाटकावर चार भित्तिपत्रके लावली असती तर गल्ला फार वाढला असता असे नव्हे, पण निदान चित्रपट त्याच्या माणसांपर्यंत पोहोचला असता. स्टुडिओच्या प्रमुखाची नावड हा एक भाग झाला. हा चित्रपट कोणासाठी आहे याचा विचारच न करणे हा त्याहून मोठा दोष म्हणावा लागेल, आणि त्यात चित्रपटावर प्रेम करणारेही सामील होते.

शेवटाबद्दलही थोडा वाद आहे. अखेरच्या शर्यतीत कॅमेरा चालकाच्या मागे बसलेला असताना आवाज नाहीसा होतो, हालचाल मंदावते, चित्र थांबते आणि प्रोजेक्टरमध्ये अडकलेली फिल्म जळावी तसे पडद्यावर भोक पडत जाते. काहींनी त्याला युरोपीय प्रयोगांची नक्कल म्हटले. चालकाच्या डोक्यात वेग आणि स्थिरता एकच झालेली आहेत, असे मानले तर हा शेवट कथेच्या बाहेरचा राहत नाही. ज्याला ते पटत नाही, त्याने किमान एवढे मान्य करावे की या दोघांच्या आयुष्यात विजय किंवा अपघात यांपैकी काहीही दाखवले असते तरी ते खोटे वाटले असते.

प्रदर्शनानंतर चित्रपट अधूनमधून दूरचित्रवाणीवर, चित्रपट मंडळांत आणि कलात्मक चित्रपटगृहांत दिसत राहिला. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटने जुन्या पडेल चित्रपटांना दुसरे आयुष्य दिले, पण ते या चित्रपटाच्या वाट्याला आले नाही. अडचण गाण्यांची होती. रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांचे हक्क चित्रपटगृहासाठी घेतलेले होते. १९७० मध्ये करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कॅसेट नव्हतीच. लॉस एंजेलिसच्या एका प्रसिद्ध रॉक बँडच्या गाण्याचा प्रश्न त्यांत विशेष अवघड ठरला. गायकांना गाऊ न देणाऱ्या चित्रपटाला दुसऱ्यांच्या गाण्यांनी अडवून धरावे, हा योग चमत्कारिक खरा. गाणी बदलून कॅसेट काढता आली असती. पण वेगळे पार्श्वसंगीत नसलेल्या चित्रपटात तीच गाणी रस्त्यावरचा काळ सांगतात, ती काढली की गाडीच्या काचेतून दिसणारे वर्षच बदलते.

दुर्मिळ झाल्यामुळे चित्रपटाचा दरारा वाढला, हेही नाकारता येत नाही. ज्यांनी तो एकदा रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर पाहिला होता त्यांच्या आठवणीतून तो दुसऱ्यांना कळत गेला. सिॲटलमधील एका व्हिडिओ दुकानाने तो विक्रीसाठी यावा म्हणून सह्यांची मोहीम चालवली आणि तिच्यात नामवंत दिग्दर्शकांनीही सही केली. शेवटी १९९९ मध्ये हक्कांचा गुंता सुटला आणि एका छोट्या वितरकाने तो व्हिडिओ व डीव्हीडीवर आणला. तोवर चौघांपैकी तिघे प्रमुख कलावंत हयात नव्हते. ती तरुणी १९७९ मध्ये, जीटीओवाला नट १९८२ मध्ये आणि ढोलवादक १९८३ मध्ये निवर्तला होता. दिग्दर्शक २०२१ पर्यंत हयात होता आणि या दुसऱ्या आयुष्यात त्याने भरपूर मुलाखती दिल्या. प्रदर्शनाच्या वादात त्याची बाजू सर्वाधिक ऐकू येते, ती त्यामुळेच. २००७ मध्ये अभिजात चित्रपटांच्या एका प्रकाशन संस्थेने काढलेल्या आवृत्तीत पटकथेचे पुस्तकही सोबत दिले. १९७१ मध्ये जी तुलना व्हायला हवी होती, ती छत्तीस वर्षांनी प्रथमच नीट करता आली.

मोटारवेड्यांच्या जगात मात्र स्मरणाची साखळी निराळी आहे, आणि आमच्या मते ती अधिक बळकट आहे. चित्रीकरण संपल्यावर शेवरोले गाड्या स्टुडिओकडेच पडून होत्या. त्याच स्टुडिओच्या त्याच विभागाने १९६२ मधील एका रात्रीत घडणारा, कॅलिफोर्नियातील किशोरांवरचा एक चित्रपट हाती घेतला आणि खर्च आठ लाख डॉलरच्याही आत ठेवायचा असल्याने हाताशी असलेल्या तीन गाड्यांपैकी दोन काळ्या रंगात रंगवून वापरल्या. १९७३ मध्ये आलेल्या या चित्रपटाने दहा कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. त्यात गावात नव्याने आलेल्या बढाईखोर तरुणाकडे ही गाडी आहे आणि शेवटच्या शर्यतीत ती उलटून पेटते. म्हणजे राखाडी असताना जी गाडी भटक्यांचे घर होती, ती काळी झाल्यावर खलनायकाची झाली, आणि लाखो लोकांनी ती या दुसऱ्या रूपातच पाहिली. पुढे जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी मूळ गाड्यांचा माग काढला, वरचे थर खरवडून बांधणीच्या खुणा तपासल्या आणि ज्या गॅरेजवाल्याने त्या घडवल्या होत्या त्याच्याकडून ओळख पटवून घेतली. प्रतिकृतींची तर गणतीच नाही. अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात राखाडी प्रायमर लावलेली, नाक उचललेली पंचावन्नची शेवरोले हमखास आढळते, आणि मालकाने मुद्दामच रंग दिलेला नसतो.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘टू-लेन ब्लॅकटॉप’चा समावेश जतन करावयाच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदवहीत केला. या नोंदवहीत दरवर्षी पंचवीस चित्रपट घेतले जातात आणि चित्रपट किमान दहा वर्षे जुना असावा लागतो, व्यावसायिक यशाची अट नसते. तीच गाडी काळ्या रंगात असलेला १९७३ चा चित्रपट या यादीत १९९५ मध्येच, म्हणजे सतरा वर्षे आधी, दाखल झाला होता.